कलम न धरलेलं झाड : हास ॲव्होकाडोच्या पोस्टमनची गोष्ट

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. कुठल्याही सोसायटीच्या गॅलरीत डोकावून बघा, हल्ली एक नवं रोप हमखास दिसतं. बाजारातून आणलेल्या ॲव्होकाडोची बी पाण्याच्या ग्लासात ठेवायची, मोड आला की कुंडीत लावायची आणि मग वाट बघायची. रोप छान वाढतं. पानं मोठी, हिरवीगार. चार वर्षं जातात, पाच जातात, फळाचा मात्र पत्ता नसतो. गोराई, मनोरी, मढ या भागातल्या वाड्यांमध्येही आता आंबा-चिकूच्या जोडीला एखादं ॲव्होकाडो लावून बघणारे आहेत. त्यांचाही प्रश्न हाच असतो, की बी लावली, झाड झालं, पण फळ कधी येणार आणि आलं तर कसं येणार?

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडतं, तो माणूस शेतीतज्ज्ञ नव्हता, मोठा बागायतदारही नव्हता. तो अमेरिकेतल्या एका गावात घरोघर पत्रं वाटणारा पोस्टमन होता. त्याचं नाव रुडॉल्फ हास. बाजारात काळपट, खडबडीत सालीचं जे ॲव्होकाडो मिळतं, ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. जगात खाल्ल्या जाणाऱ्या दर दहा ॲव्होकाडोंपैकी साधारण आठ हास जातीची असतात असं मानलं जातं. आणि ही सगळी एका झाडाची लेकरं आहेत. ते झाड या पोस्टमनच्या घरच्या वाडीत, त्याच्या मनाविरुद्धच म्हणा ना, वाढलं होतं.

मिलवॉकीहून कॅलिफोर्नियाला

रुडॉल्फ गुस्ताव्ह हासचा जन्म १८९२ सालचा, अमेरिकेच्या थंड भागातल्या मिलवॉकी शहरातला. शिक्षण बेताचं. तरुणपणी त्याने दारोदार फिरून वस्तू विकण्याची कामं केली. लग्न झालं. बायकोचं नाव एलिझाबेथ. १९२० च्या दशकात बायको आणि लहान मुलीला घेऊन, फोर्ड मोटारीत सामान भरून, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात आला आणि लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना गावात राहिला. आपल्याकडे कोकणातून किंवा घाटावरून मुंबईत पोट भरायला माणसं आली, तसंच हे. तिथे त्याला टपाल खात्यात काम मिळालं. पगार ताशी २५ सेंट.

त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियात ॲव्होकाडोची लाट आली होती. मूळ हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियातल्या नर्सरीवाल्यांनी मेक्सिकोतून चांगल्या झाडांच्या काड्या आणून कलमं बांधायला सुरुवात केली होती. १९११ साली मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावातून आणलेल्या काड्या पॅसाडेनाच्या शेजारच्या अल्टाडेना गावातल्या नर्सरीत वाढवल्या गेल्या. १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत बाकीची रोपं जळाली, त्यातलं एक वाण मात्र तगलं. त्याला फुएर्ते हे नाव पडलं. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ बळकट. हिरव्या, गुळगुळीत, पातळ सालीचं हे फळ तेव्हा बाजाराचा राजा होतं. ॲव्होकाडो म्हणजे फुएर्ते, असंच समीकरण. आपल्याकडे आंबा म्हणजे हापूस, तसं.

घरच्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की रुडॉल्फच्या हाती ॲव्होकाडोची एक जाहिरात पडली. त्यात झाडाला फळांऐवजी डॉलरच्या नोटा लटकलेल्या दाखवल्या होत्या. ताशी २५ सेंट मिळवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून ते चित्र जाईना. जवळचे होते नव्हते ते पैसे आणि बहिणीकडून घेतलेली उसनवारी एकत्र करून त्याने ला हाब्रा हाइट्स या डोंगराळ वस्तीत दीड-दोन एकरांचा एक तुकडा घेतला. तिथे आधीची थोडी ॲव्होकाडोची झाडं होती. नोकरी सोडायचा विचारही नव्हता. सकाळी पत्रं वाटायची आणि उरलेल्या वेळात वाडी बघायची.

खुंट, काडी आणि एक हट्टी रोप

रुडॉल्फला वाडीत आणखी झाडं हवी होती आणि ती फुएर्तेचीच हवी होती. तयार कलमं विकत घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने स्वस्तातला मार्ग धरला. व्हिटिअर गावातल्या राइडआउट नावाच्या नर्सरीवाल्याकडून बिया आणायच्या, त्या जागेवरच लावायच्या आणि रोपं मोठी झाली की त्यांच्यावर फुएर्तेची काडी बांधायची. हा नर्सरीवाला मिळेल तिथून बिया गोळा करायचा. त्यामुळे कोणती बी कोणत्या झाडाची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आंब्याची कलमं बांधणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. खाली कसंही का असेना, पण जोमदार मुळांचं रोप घ्यायचं. तो खुंट. वर हव्या त्या जातीच्या झाडाची काडी बसवायची. खुंटाची आणि काडीची साल जिथे जुळते तिथला हिरवा, जिवंत थर एकमेकांना चिकटला की रस वर चढायला लागतो आणि काडी फुटते. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. कोकणात पूर्वी भेट कलम करत, आता कोय कलम आणि पाचर कलम जास्त चालतं. तत्त्व तेच.

रुडॉल्फने एकेका खड्ड्यात तीन-तीन बिया लावल्या. उगवून आल्यावर सगळ्यात सशक्त रोप ठेवलं, बाकीची काढून टाकली. मग कॉल्किन्स नावाच्या एका कसबी कलम बांधणाऱ्याला बोलावलं. त्याने फुएर्तेच्या काड्या बांधल्या. बहुतेक रोपांनी कलम धरलं. काहींनी पहिल्या वेळी धरलं नाही, त्यांच्यावर पुन्हा बांधलं. शेवटी एक रोप असं उरलं, की त्याच्यावर पुन्हा पुन्हा कलम बांधूनही काडी वाळूनच जाई.

रुडॉल्फ कंटाळला. छोट्या वाडीत निरुपयोगी झाडासाठी जागा कशाला अडवायची, ते काढून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण कॉल्किन्सने त्याला थांबवलं. रोप चांगलं ताकदीचं आहे, त्याला तसंच वाढू दे, बघू काय होतं ते, असा त्याचा सल्ला होता. रुडॉल्फने तो ऐकला. जगाच्या बाजारात आज जे फळ आहे, ते या एका सल्ल्यामुळे वाचलं. सल्ला देणारा रोजंदारीवर कलमं बांधणारा कारागीर होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हे झाड १९२६ साली लावलं गेलं असं मानतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते रायवळ झाड होतं. बीपासून आलेलं, कुणाच्या मापात न बसणारं.

पोरांनी आधी ओळखलं

ते झाड फुएर्तेसारखं आडवं पसरलं नाही. उभट, सरळ वाढत गेलं. थोड्याच वर्षांत त्याला फळं लागली. पण फळ बघून कुणी भुलावं असं नव्हतं. साल जाड आणि खडबडीत. पिकली की हिरव्याची जांभळट-काळी होणारी. त्या काळात काळं पडलेलं ॲव्होकाडो म्हणजे खराब झालेलं, असाच गिऱ्हाइकाचा समज होता. गुळगुळीत हिरव्या फुएर्तेपुढे हे फळ म्हणजे हापूसच्या पेटीत ठेवलेला एखादा डागाळलेला रायवळ.

पण घरातल्या मुलांना हेच फळ आवडायला लागलं. फुएर्ते बाजूला सारून पोरं या झाडाची फळं मागायची. मग रुडॉल्फनेही नीट चव घेतली. गर घट्ट, मऊ, लोण्यासारखा. तेलाचं प्रमाण भरपूर. रेषा नाहीत. खोबऱ्यासारखी आणि अक्रोडासारखी चव मागे रेंगाळणारी. शिवाय फळ झाडावर बरेच महिने टिकायचं, एकदम पिकून गळायचं नाही. जाड सालीमुळे हाताळताना दबायचं नाही. फुएर्ते एक वर्ष भरभरून धरी आणि दुसऱ्या वर्षी रुसून बसे. हे झाड त्या मानाने दर वर्षी नेमाने फळ देणारं होतं.

घरी खाऊन उरलेली फळं रुडॉल्फ टपाल कचेरीतल्या सोबत्यांना विकायला लागला. मग पॅसाडेनातल्या एका किराणा दुकानात ती जाऊ लागली. गावातल्या श्रीमंत घरांचे आचारी ती घेऊन जात. तिथे एका फळाला एक डॉलर मिळे. हा काळ जागतिक मंदीचा, १९३० च्या दशकाचा. तासाला २५ सेंट पगार धरून हिशेब करा. एका फळाची किंमत म्हणजे पोस्टमनची चार तासांची मजुरी.

पेटंट घेतलं, पण…

१९३० साली अमेरिकेने एक नवा कायदा केला. त्याआधी यंत्राचं, औषधाचं पेटंट मिळायचं, झाडाचं नाही. या कायद्याने कलमाने किंवा फांदीने वाढवता येणाऱ्या नव्या वाणालाही १७ वर्षांचं पेटंट मिळायला लागलं. रुडॉल्फने त्याचा फायदा घ्यायचं ठरवलं. ऑगस्ट १९३५ मध्ये त्याला वनस्पती पेटंट क्रमांक १३९ मिळालं. वाणाला त्याने आपलंच आडनाव दिलं, हास.

त्याच सुमाराला त्याने व्हिटिअरमधल्या हॅरोल्ड ब्रोकॉ या नर्सरीवाल्याशी करार केला. ब्रोकॉने या झाडाच्या काड्यांपासून कलमं तयार करायची, विकायची, जाहिरात करायची. उत्पन्नातले ७५ टक्के ब्रोकॉचे, २५ टक्के हासचे. वरकरणी वाटा कमी दिसतो. पण कलमं बांधणं, वाढवणं, बागायतदारांना पटवणं हा सगळा खर्च आणि खटाटोप ब्रोकॉचा होता. बागायतदार फुएर्तेवर खूश होते. काळ्या सालीचं फळ कोण घेणार, असं म्हणणारेच जास्त. ब्रोकॉने चिकाटीने ते वाण गळी उतरवलं.

मग पेटंटमधून हासला मिळालं किती? १७ वर्षांत मिळून पाच हजार डॉलरही नाहीत.

कारण अगदी साधं होतं. एखादा बागायतदार हासचं एक कलम विकत घ्यायचा, ते वाढलं की त्याच्याच काड्या काढून आपल्या सगळ्या बागेवर बांधायचा. शेजाऱ्यालाही द्यायचा. कुंपणाआड कोण काडी कापतोय, हे बघायला जाणार कोण? यंत्राची नक्कल करायला कारखाना लागतो. झाडाची नक्कल करायला चाकू आणि सुतळी पुरते. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला हे सांगावं लागणार नाही. चांगल्या झाडाच्या काड्या पाहुण्यारावळ्यांकडे जातच असतात, आणि तसं होत आलं म्हणूनच हापूस एवढा पसरला.

ज्या कलमविद्येमुळे हासचं झाड जगभर गेलं, तिच्यामुळेच त्याच्या हाती काही लागलं नाही.

रुडॉल्फने टपाल खात्यातली नोकरी सोडली नाही. उतारवयात त्याने फॉलब्रुक या गावाजवळ ८० एकरांवर मोठी ॲव्होकाडोची बाग लावली. आता आपल्याच वाणाची मोठी बाग फळेल आणि कष्टाचं चीज होईल, ही आशा. पण ती झाडं पुरती हाताशी येण्याआधीच, ऑक्टोबर १९५२ मध्ये, हृदयविकाराने तो गेला. वय साठ. त्याच वर्षी पेटंटची मुदतही संपली होती.

त्यानंतर हासचा खरा काळ सुरू झाला. फळ लांबच्या बाजारात पाठवायचं तर जाड साल हवी, टिकाऊपणा हवा, वर्षातले जास्त महिने तोडणी हवी. हे सगळं हासमध्ये होतं. पुढच्या काही दशकांत फुएर्ते मागे पडलं. मेक्सिको, पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका, केनिया, इस्रायल, न्यूझीलंड, जिथे तिथे हासच्या बागा उभ्या राहिल्या. आज त्याच्या नावावर अब्जावधींची उलाढाल चालते. एक गंमत अशी, की बहुतेक लोक त्याचं नाव हास असं लांबवून म्हणतात. त्याच्या घरातला उच्चार पास-नापासमधल्या पास या इंग्रजी शब्दाच्या अमेरिकन उच्चाराशी जुळणारा, म्हणजे हॅसच्या जवळचा. आपल्याकडे हास रूढ झालं आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

मूळ झाडाचं काय झालं

वाडीची जागा पुढे विकली गेली, भोवती घरं झाली. ते मूळ झाड मात्र एका घराच्या अंगणात उभं राहिलं. त्याच्यापाशी माहितीची पाटी लावली गेली. लोक बघायला यायचे. मग त्याच्या मुळांना कूज लागली. दहा वर्षांहून जास्त काळ त्याला वाचवायचे प्रयत्न झाले. ब्रोकॉ घराण्यातल्या पुढच्या पिढीनेही त्यात लक्ष घातलं. पण उपयोग झाला नाही. सप्टेंबर २००२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेलं ते झाड तोडावं लागलं. लाकूड जपून ठेवलं गेलं, त्यातून काही छोट्या वस्तू घडवल्या गेल्या.

झाड गेलं असं म्हणायचं, पण गेलं असंही नाही. प्रत्येक हास कलमाच्या वरच्या भागात त्याच झाडाची काडी आहे. काडीवरून काडी, तिच्यावरून पुढची. मेक्सिकोतलं झाड असो की केनियातलं, सांध्याच्या वर ते ला हाब्राच्या वाडीतलंच झाड आहे.

आपल्या वाडीसाठी, गॅलरीसाठी यातून काय घ्यायचं

पहिली गोष्ट. बाजारातल्या हास फळाची बी लावली तर येणारं झाड हास नसतं. ॲव्होकाडोची बी आईसारखी निघत नाही. फुलावर कुठला पराग पडला, त्यावर सगळं अवलंबून. खुद्द हासचं झाड एका निनावी बीतून आलं ते लाखात एखादं. बाकीच्या बियांची झाडं एक तर उशिरा फळतात, नाही तर फळ बेचव, रेषेदार निघतं. बीच्या झाडाला पहिलं फळ यायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. चांगलं कलम नीट सांभाळलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ धरायला लागतं. ज्याच्या अंगणात एकाच झाडाची जागा आहे, त्याने बीवर जुगार खेळू नये. कलमच घ्यावं.

दुसरी. घरी बीचं दोन-तीन वर्षांचं झाड आहेच, तर ते लगेच उपटू नका. हा झाला तुमचा खुंट. जाणकार माणसाकडून त्याच्यावर चांगल्या जातीची पाचर कलम करून घेता येते. हासच्या झाडाने धरलं नाही म्हणून सगळीच झाडं अडून बसतात असं नाही. त्याच्याही वाडीतल्या बहुतेक रोपांनी कलम धरलंच होतं.

तिसरी गोष्ट जातीची. बाजारात नाव हासचं चालतं, म्हणून नर्सरीत जो तो हासच मागतो. पण हास वाणात ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या ॲव्होकाडोचा अंश जास्त आहे. त्याला सौम्य हवा मानवते. आपल्या देशातही ॲव्होकाडो प्रामुख्याने निलगिरी, कोडगू, वायनाड, सिक्कीम अशा डोंगराळ भागांत पिकतं. मुंबई उपनगरातली समुद्राकाठची दमट, उष्ण हवा वेस्ट इंडियन गटातल्या, म्हणजे सखल उष्ण प्रदेशातल्या ॲव्होकाडोला जास्त सोसते. ही फळं मोठी, गुळगुळीत सालीची आणि कमी तेलाची असतात. त्यामुळे नर्सरीत गेल्यावर कुठली जात, कुठल्या झाडाची काडी, ते झाड कुठल्या हवेत फळतं, एवढं विचारा. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या चेट्टळ्ळी इथल्या सरकारी फळसंशोधन केंद्रात भारतीय हवेसाठी ॲव्होकाडोच्या जाती निवडण्याचं काम झालं आहे. त्यांची माहिती घेणं उपयोगाचं.

कलम घेताना सांधा बघा. जमिनीपासून साधारण वीतभर वर, नीट भरून आलेला, न सुजलेला असावा. पट्टी अजून करकचून बांधलेली असेल तर सोडवून घ्या, नाही तर खोड आवळतं. सांध्याच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, ती काढत राहायची. ती राहिली तर वरची चांगली काडी मरते आणि आपण बीचंच झाड वाढवत बसतो. लावताना सांधा मातीत गाडायचा नाही.

चौथी आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. हासचं मूळ झाड ज्या रोगाने गेलं, ती मूळकूज फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूने होते. सुपारीला कोळे रोग आणणारे जंतू याच जातकुळीचे. ॲव्होकाडोची मुळं वरवर पसरतात, त्यांना मोकळी हवा लागते. पाणी साचलं की ती गुदमरतात आणि कूज घुसते. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे सपाट खड्ड्यात लावलेलं रोप पहिल्याच पावसाळ्यात जाऊ शकतं. वाडीत लावायचं तर दीड-दोन फूट उंच मातीचा ढीग करून त्याच्यावर लावा. खोडाभोवती आळं करून पाणी तुंबवू नका. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला भिडवू नका. मुलुंड-भांडुपच्या डोंगर उतारावर पाणी आपोआप वाहून जातं, तिथे हे सोपं. गोराई-मनोरी-मढ भागात विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते देऊ नका. ॲव्होकाडोला क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा करपायला लागतात.

गच्चीवर पिंपात लावणाऱ्यांनी तळाला भरपूर भोकं पाडावीत आणि पिंप विटांवर ठेवावं. आणखी एक. २०० लिटरच्या पिंपात ओली माती भरली की वजन तीनशे किलोच्याही वर जाऊ शकतं. जुन्या इमारतीच्या गच्चीवर असं पिंप ठेवण्याआधी सोसायटीला आणि इंजिनिअरला विचारून घ्या. पिंप भिंतीच्या किंवा खांबाच्या वर येईल असं ठेवलेलं बरं.

पाचवी गोष्ट फुलांची. ॲव्होकाडोचं फूल दोनदा उमलतं. एकदा मादी म्हणून, दुसऱ्यांदा नर म्हणून. हास गटाच्या झाडांची फुलं पहिल्या दिवशी सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. फुएर्ते गटाच्या झाडांचं याच्या उलट. पहिल्या दिवशी दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणून दोन्ही गटांचं एकेक झाड जवळ असेल तर फळ चांगलं धरतं. रुडॉल्फच्या वाडीत हासच्या आजूबाजूला फुएर्तेची झाडं होती, हा त्याला आपसूक मिळालेला फायदा. एकटं झाडही थोडीफार फळं देतं. पण सोसायटीत दोन कुटुंबांनी ठरवून वेगवेगळ्या गटांची दोन झाडं लावली तर दोघांचाही फायदा.

आपलं वाण, आपला हक्क

हासच्या वाटणीला जे आलं, ते आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही नवीन नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातलं तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचं सोनाका, ही द्राक्षाची वाणं शेतकऱ्यांच्या नजरेनेच निवडली गेली. बागेतली एखादी वेल वेगळी दिसली, ती त्यांनी हेरली, जपली, वाढवली.

भारतात २००१ साली पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. या कायद्याखाली शेतकरी स्वतः जपलेलं किंवा तयार केलेलं वाण आपल्या नावावर नोंदवू शकतो. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क पडत नाही. झाडांच्या आणि वेलींच्या वाणांना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. अमेरिकेतल्या त्या जुन्या पेटंटपेक्षा हा कायदा एका बाबतीत वेगळा आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतातलं बियाणं, काडी जपण्याचा, वापरण्याचा, देण्याघेण्याचा परंपरागत हक्क तो मान्य करतो.

आरेच्या पाड्यांवर, गोराई-मनोरीच्या वाड्यांत, जुन्या गावठाणांच्या अंगणांत अजूनही काही रायवळ आंबे, फणस, जांभळं उभी आहेत. बांधकामं वाढली तशी पुष्कळ गेली. उरलेल्यांपैकी एखाद्याचं फळ खरोखर वेगळं असू शकतं. बहुतेकदा ते आधी पोरांनाच ठाऊक असतं, शेजारच्या गल्लीतून येऊन ती त्याच झाडावर दगड मारत असतात. असं झाड तोडायचा विषय निघाला, तर त्याआधी त्याच्या चार काड्या कुणा कलम बांधणाऱ्याकडून दुसऱ्या खुंटावर बांधून घ्याव्यात. खर्च फार नाही, जागाही लागत नाही. मूळ झाड गेलं तरी फळ राहतं. ला हाब्राचं झाड २००२ मध्ये गेलं, तरी आपल्या बाजारात त्याची फळं येतात ती अशाच काड्यांमुळे.